टेक्सासचा भिंतीवरचा नकाशा: घ्यावा, पण चष्मा लावून

पोरगी ह्यूस्टनला राहते, म्हणून जळगावातल्या एका दुकानातून टेक्सासचा लॅमिनेटेड नकाशा आणला. महाराष्ट्राच्या दुपटीहून मोठं राज्य! मेक्सिकोच्या हद्दीवरची रिओ ग्रँडे नदी, तिच्या वळणावरचं बिग बेंड राष्ट्रीय उद्यान, सॅन अँटोनिओ शहरातलं १८३६ च्या लढाईचं ठिकाण अलामो, सगळं ठळक दाखवलंय. माझं बोट मात्र लबक शहरावरच अडतं. तिथल्या सपाट पठारावर कापूसच कापूस, काढणी सगळी यंत्रानं. इथे चोपड्यात वेचणीला बाया मिळेनात, मग मला दुसरं काय दिसणार? गावांची नावं फारच बारीक छापलीत, डोळे दुखतात. ह्यूस्टन ते पश्चिम टोकाचं एल पासो १,१०० किलोमीटरच्या वर, म्हणून जावईबापूंकडे सध्या फक्त त्यातल्या त्यात जवळचं अलामो दाखवायची फर्माईश केलीय.