मातीपाशी की मागापाशी?

नवी नक्षी सुचत नसेल तर बेळगावकरांना दोन वाटा जवळच्या: खानापूरचं कुंभारकाम, नाहीतर शहापूर-वडगावचे साडीचे माग.

खानापुरात भांड्याचा घाट, म्हणजे आकार, कळतो. ओलं मडकं भाजून निघेपर्यंत साधारण दहावा हिस्सा आक्रसतं. २० सेंमी उंची हवी तर ओलं २२ धरायचं. कान मडक्यापेक्षा ओला असताना चिकटवला, की तो जास्त आक्रसतो आणि सांध्यावर चीर जाते. नवख्यानं आधी इथंच जावं, चूक बोटांना लगेच कळते.

मागावर रंग. ताणा (उभे धागे) लाल, बाणा (आडवे धागे) हिरवा, की पदर हलताच छटा पालटते. रंगपेटीत हे दिसायचं नाही. मात्र विणण्यासाठी नक्षी आलेख कागदाच्या चौकटींत उतरवली, की वेलीच्या वळणाच्या पायऱ्या होतात. विणकराला विचारायचं ते माग थांबल्यावरच. खडखडाटात काही ऐकू येत नाही.