मेटकायिनांची नावी बोली शिकायची असेल तर ‘रेयकुन्यू’

नावी म्हणजे ‘अवतार’ चित्रपटांतली परग्रहवासी जमात आणि तिची भाषा. दुसऱ्या भागातल्या (२०२२) समुद्रवासी मेटकायिना नावींची बोली शिकणाऱ्यांसाठी ‘रेयकुन्यू’ हा मोफत ऑनलाइन शब्दकोश खरोखर कामाचा आहे. सेटिंगमध्ये आधी ‘रीफ’ बोली निवडा, नाहीतर जंगलातल्या नावींचे उच्चार दिसतात.

फरक कुठे? जंगलबोलीत रोमन लिपीत पीएक्स, टीएक्स, केएक्स (px, tx, kx) असे लिहिलेले ध्वनी घसा आवळून सोडलेले, फटकन फुटणारे आहेत. आपली माणसं त्यांना हमखास फ, थ, ख करतात. ते चूक, कारण या ध्वनींत श्वासाचा झोत नसतो. मेटकायिना अक्षराच्या सुरुवातीला त्यांचे सरळ ब, ड, ग करतात. ‘रात्र’ म्हणजे ‘डोन’! शब्दाच्या शेवटी मात्र मूळ ध्वनी टिकतो. टीएसचा (ts) उच्चार ‘चाक’मधल्या ‘च’सारखा करा, मराठी जिभेला तो सोपाच.

सर्वात मोठी सोय म्हणजे रूपांची फोड. नावी क्रियापदात क्रिया पूर्ण झाल्याचा तुकडा मधोमध शिरतो: ‘तारोन’ (शिकार करणे), ‘तोलारोन’ (शिकार केली). छापील यादीत दुसरं रूप सापडत नाही, इथे ते टाकलं की मूळ धातू आणि ‘ओल’ वेगळे करून दाखवतात.

मोठी उणीव म्हणजे मेटकायिनांची पाण्याखालची हातांच्या खुणांची भाषा इथे नाही. शिवाय अर्थ मराठीत नाहीत, इंग्रजीत वाचावे लागतील.