पेंटॅक्स पॅपिलिओ २ दुर्बीण (६.५×२१, म्हणजे साडेसहा पट मोठं दाखवणारी, २१ मिमी भिंगांची): वाळवंटातली कासवं बघायला कशी आहे?
अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको-ॲरिझोनाच्या वाळवंटी गवताळ पट्ट्यात बॉक्स टर्टल (पेटीसारखं कवच मिटून घेणारं कासव) बघायचं तर जुलै ते सप्टेंबर, पाऊस पडून गेल्यावरची सकाळ गाठायची. उन्हं तापली की स्वारी कांगारू रॅटच्या (उड्या मारत जाणाऱ्या वाळवंटी उंदराच्या) बिळात. ही दुर्बीण अर्ध्या मीटरवरही फोकस होते. पण इतकं जवळ जाऊच नका. तीन-चार मीटरवर गप्प बसलात तरी डोळ्याचा रंग स्वच्छ दिसतो: लाल असेल तर बहुधा नर, पिवळट-तपकिरी असेल तर मादी. उचलून पालथं घालायचा आगाऊपणा वाचतो.

भिंगं जेमतेम २१ मिमीची, त्यामुळे तिन्हीसांजेला चित्र काळवंडतं. वॉटरप्रूफ नाही, सर आली की पिशवीत टाका. भिंगावरची वाळू आधी ब्लोअरने उडवा, थेट पुसलीत तर चरे पडतील. लांबून कासव हुडकायला मात्र ८×४२ (आठ पट, ४२ मिमी भिंगांची) दुर्बीणच बरी.