छात्रसेनेची तीन वर्षे : अधिकारी होऊ इच्छिणाऱ्याच्या दृष्टीने एक परीक्षण

महाविद्यालयात शिकत असतानाच सैन्यातील अधिकारीपदाची तयारी करावी असे ज्या विद्यार्थ्यांना मनापासून वाटते, त्यांच्या सर्वांत जवळचा आणि जवळजवळ बिनखर्चाचा मार्ग म्हणजे राष्ट्रीय छात्रसेना, अर्थात एनसीसी. मुलांसाठी सीनियर डिव्हिजन आणि मुलींसाठी सीनियर विंग अशी तिची महाविद्यालयीन रचना आहे. एनसीसीचे इतर फायदे पुष्कळ आहेत, पण ते येथे बाजूला ठेवतो. कमिशन, म्हणजे सैन्यातील अधिकारीपद, मिळवण्याच्या दृष्टीने या तीन वर्षांतून नेमके काय हाती लागते, एवढ्याच प्रश्नापुरते हे परीक्षण आहे. माझे मत आधीच सांगतो : या प्रशिक्षणाचे खरे मोल तिसऱ्या वर्षात आहे आणि नेमके तेच वर्ष बहुसंख्य छात्र गांभीर्याने घेत नाहीत.

एनसीसीकडून कोणती अपेक्षा ठेवावी हे समजण्यासाठी तिची घडण थोडी पाहावी लागते. विद्यापीठांतून अधिकारी मिळावेत यासाठी ब्रिटिश काळात १९४२ मध्ये युनिव्हर्सिटी ऑफिसर्स ट्रेनिंग कोअर उभारले गेले होते. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीने अधिक व्यापक योजनेचा विचार मांडला आणि १९४८ च्या कायद्याने एनसीसी अस्तित्वात आली. छात्रावर सैन्यसेवेचे कोणतेही बंधन नाही, हे या योजनेचे महत्त्वाचे वैशिष्ट्य आहे. त्यामुळे परेडला उभ्या असलेल्या तुकडीतील फार थोड्यांना पुढे अधिकारी व्हायचे असते आणि शिक्षणाची आखणी मात्र सर्वांसाठी असते. त्या थोड्यांनी ही गोष्ट पहिल्याच दिवशी ओळखलेली बरी.

पहिले वर्ष मुख्यतः ड्रिलमध्ये जाते. सैन्यातून आलेले हवालदार, ज्यांना छात्र आदराने उस्ताद म्हणतात, सावधान-विश्रामपासून तेज चलपर्यंत एकेक हालचाल घोटून घेतात. याला कंटाळणारे पुष्कळ असतात, पण शरीर ताठ ठेवणे, आज्ञा पूर्ण ऐकून मगच हलणे आणि आपल्या चुकीमुळे सगळी रांग बिघडते याची जाणीव होणे, हे संस्कार दुसऱ्या कोणत्याही तासाला होत नाहीत. शस्त्र प्रशिक्षणाचा दर्जा उत्तम आहे, प्रमाण मात्र अपुरे. पॉइंट टू टू रायफलने २५ मीटरवर गोळ्या झाडताना नवशिक्या छात्राचे सगळे लक्ष मध्यबिंदूवर असते. उस्ताद मात्र आधी गोळ्या एकमेकींच्या किती जवळ लागल्या ते पाहतात, कारण पकड, श्वास आणि ट्रिगर दाबण्याची पद्धत दर वेळी सारखी होती की नाही हे त्या जवळिकीवरूनच कळते. नेम कुठे सरकवायचा हा प्रश्न त्यानंतरचा. इतकी शास्त्रशुद्ध शिकवण मिळूनही वर्षभरात प्रत्यक्ष गोळीबाराची संधी फारच कमी येते, ही या योजनेची ठळक उणीव आहे.

नकाशावाचन हा मला अभ्यासक्रमातील सर्वांत सकस विषय वाटतो. सहा आकडी ग्रिड संदर्भाने, म्हणजे नकाशावरील चौकोनी जाळीच्या आकड्यांनी, जमिनीवरील जागा १०० मीटरच्या चौकोनापर्यंत निश्चित करता येते आणि प्रिझमॅटिक कंपासने दोन ओळखीच्या खुणांचे बेअरिंग, म्हणजे उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन, घेतले की आपण स्वतः कुठे उभे आहोत ते नकाशावर काढता येते. फळ्यावर हे कोरडे वाटते. शिबिरात तीन-चार जणांच्या गटाला नकाशा देऊन मोकळ्या रानात सोडले की मात्र अंतराचा अंदाज चुकल्यावर काय होते, मतभेद झाल्यावर कोणाचे ऐकायचे आणि ठरवलेली दिशा केव्हा बदलायची हे प्रश्न खरे होऊन समोर येतात. ज्या महाविद्यालयांत हा विषय केवळ पुस्तिका वाचून दाखवून उरकला जातो, तेथील छात्रांचे फार मोठे नुकसान होते. नेतृत्व आणि संभाषणकौशल्य या प्रकरणांचीही अनेक ठिकाणी हीच गत आहे.

आता तिसऱ्या वर्षाकडे येतो. दुसऱ्या वर्षाअखेर ‘बी’ प्रमाणपत्र मिळते आणि पदवीच्या अंतिम परीक्षेचे कारण सांगून पुष्कळ जण तेथे थांबतात, किंवा ‘सी’ प्रमाणपत्रापुरती हजेरी लावतात. वस्तुतः अंडर ऑफिसरसारखी, म्हणजे इतर छात्रांचे नेतृत्व करण्याची, पदे याच टप्प्यावर मिळतात. कनिष्ठ छात्रांची तुकडी उभी करणे, उशिरा येणाऱ्याला न दुखावता वळणावर आणणे, शिबिरात पन्नास जणांच्या जेवणाची, पाण्याची आणि पहाऱ्याची व्यवस्था लावणे, ही कामे करताना आज्ञा पाळणारा छात्र प्रथमच निर्णय घेऊ लागतो. सेवा निवड मंडळाच्या म्हणजे एसएसबीच्या मुलाखतीत याचीच पारख होते. तेथील गटकार्यात फळी, दोर आणि पिंप देऊन अडथळा ओलांडायला सांगतात, तेव्हा गणवेशातील रुबाब उपयोगी पडत नाही. सोबतच्या अनोळखी उमेदवारांना बरोबर घेण्याची सवय उपयोगी पडते, आणि ती तिसऱ्या वर्षी लागू शकते.

एनसीसी स्पेशल एन्ट्री, म्हणजे छात्रांसाठी असलेला अधिकारी भरतीचा खास मार्ग, याबद्दलचा एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. या मार्गाने लेखी परीक्षा टळते, एसएसबी टळत नाही. पदवीला किमान ५० टक्के गुण आणि ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी असलेल्या, १९ ते २५ वयोगटातील अविवाहित मुलामुलींना अर्ज करता येतो. हुतात्मा किंवा जखमी जवानांच्या पाल्यांना प्रमाणपत्राची अट नसते. बोलावणे आलेल्यांपैकी अनेक जण पहिल्याच दिवशी, बुद्धिमापन चाचणी आणि चित्रावरील चर्चेनंतर परत पाठवले जातात. निवड, वैद्यकीय तपासणी आणि गुणवत्ता यादी हे टप्पे पार झाले की चेन्नईच्या ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमीत ४९ आठवड्यांचे प्रशिक्षण होते आणि शॉर्ट सर्व्हिस कमिशन मिळते, म्हणजे सुरुवातीला १० वर्षांची सेवा, जी पुढे ४ वर्षांनी वाढवता येते.

एवढे सगळे लक्षात घेऊन माझी शिफारस स्पष्टपणे अनुकूल आहे, मात्र ती तिन्ही वर्षे पूर्ण करणाऱ्यांसाठीच. प्रवेश घेताना आपल्या महाविद्यालयातील तुकडीत तिसऱ्या वर्षाचे किती छात्र टिकतात आणि परेड प्रत्यक्ष कोण घेते, हे विचारावे. ज्येष्ठ छात्र परेड घेत असतील तर तुकडी चांगली आहे असे निःशंक समजावे. वाचन, चालू घडामोडी आणि स्वच्छ बोलणे यांची तयारी ज्याची त्यानेच करावी, कारण परेडच्या मैदानावर ती होत नाही. शिवाय केवळ स्पेशल एन्ट्रीवर विसंबू नये. संयुक्त संरक्षण सेवा परीक्षाही द्यावी, कारण तिच्या द्वारे डेहराडूनच्या भारतीय सैन्य अकादमीत होणाऱ्या प्रवेशातही सैन्य शाखेच्या ‘सी’ प्रमाणपत्रधारकांसाठी काही जागा राखीव असतात.