बाळंतपण मंजूर, डिलिव्हरी किट नामंजूर

पत्र आलं तेव्हा पोरगी दीड महिन्याची होती. सोयाबीन विकून झालं होतं, कापसाचा पहिला वेचा चालू होता आणि मी विमा कंपनीकडून बाळंतपणाच्या बिलाचे ३४,६०० रुपये यायची वाट पाहत होते. आले ३०,८१०. खाली वजावटीचा तक्ता होता. डायपर आणि पॅड ६४०, सोबतच्या माणसाचं जेवण ३००. ठीक आहे, समजू शकते. तिसरी ओळ होती: डिलिव्हरी किट, २,८५०, देय नाही.

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मंग लेकरू काय झाडावरून तोडलं का व?"

विम्याचा हा रिव्ह्यू मी तीन-साडेतीन स्टारचा लिहायला घेतला होता. त्या ओळीनं तो दोनवर आणला. नंतर थोडा चढला, ते पुढे सांगते. पण आधीच कबूल करते, यात किटबद्दल गरजेपेक्षा जास्त येणार आहे.

पॉलिसी कोणती वगैरे सांगत बसत नाही, नवऱ्याच्या कंपनीकडून मिळते तीच ग्रुप पॉलिसी. बाळंतपण पहिल्या दिवसापासून, मर्यादा ५०,०००. नागपूरजवळच्या बुटीबोरीच्या जुन्या नोकरीतली पॉलिसीही अशीच होती, फक्त विमा कंपनी वेगळी. मला पाचवा महिना असताना ती नोकरी सुटली. आम्ही धरून चाललो होतो की महिनाअखेरपर्यंत तरी विमा चालेल. नाही चालला. १२ मे हा नवऱ्याचा कामाचा शेवटचा दिवस, तोच विम्याचाही. नवीन नोकरी ४ जूनला लागली. मधले बावीस दिवस मी पोटात लेकरू घेऊन विम्याशिवाय होते आणि नेमकी विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी त्यातच आली. पैसे रोख भरले. रिपोर्ट चांगला आला म्हणून त्या पैशांचं दुःख केलं नाही. नाहीतर केलं असतं.

त्या बावीस दिवसांत दोन एजंटांना विचारलं. पहिल्यानं सरळ सांगितलं, "वहिनी, पोट असताना कोणी घेणार नाही, बाळंत झाल्यावर फोन करा." दुसऱ्यानं जुन्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जायचा रस्ता दाखवला. तसं जाता येतं. बीपी-शुगरसारख्या जुन्या आजारांसाठी जेवढा काळ थांबून झालाय, तो वाया जात नाही. पण ज्या पॉलिसीत तो आम्हाला नेत होता तिच्यात बाळंतपणासाठी चोवीस महिने थांबायचं होतं. पाचव्या महिन्यातल्या बाईला चोवीस महिने. तोवर पोरगी अंगणात कोंबड्यांमागे धावली असती.

म्हणून नोकरी बदलायचं घरात चाललं असेल तर पगाराआधी दोन प्रश्न विचारून घ्या. जुना विमा कोणत्या तारखेला संपतो, आणि नवीन ठिकाणी बायकोचं नाव किती दिवसांत चढवायचं? आमच्याकडे तीस दिवसांची मुदत होती. नवरा अठ्ठाविसाव्या दिवशी जागा झाला. माझ्या आधारवर माहेरचं आडनाव, लग्नाचा दाखला सासरी ट्रंकेत, सासूबाईंनी शेजारच्या पोराकडून फोटो काढून पाठवला. पाठवला तो उलटा. तरी चाललं.

आता दवाखान्यांबद्दल. पेरण्या आटोपल्या, सातवा लागला आणि मी माहेरी आले. माझं माहेर आर्वी तालुक्यात. नागपूरच्या डॉक्टर मॅडमची फाईल जाडजूड होती, पण इथे ती कोणाच्या फारशी कामी आली नाही. कामी आलं ते आशाताईंनी हातात दिलेलं माता-बाल संरक्षण कार्ड. मी आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ताई दारात हजर. "कार्ड काढलं का? नाही? मंग सहा महिने काय केलं बाप्पा?" मी म्हटलं, नागपूरला सगळं कॉम्प्युटरवर आहे. त्यांनी माझ्याकडे अशी काही नजर टाकली की मी गुपचूप आधार कार्ड काढून दिलं.

तेव्हा मोबाईलमध्ये मी लिहून ठेवलं होतं: सरकारी म्हणजे फक्त धनुर्वाताच्या इंजेक्शनपुरतं. ते वाक्य मागे घेते. ९ जुलैला सरकारी दवाखान्यात गेले. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, २०१६ पासून. हिमोग्लोबिन झालं. पंचाहत्तर ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर पाहिली. सिकलसेलची तपासणीही झाली. तो आजार आपल्या विदर्भात किती आहे हे सांगायला नको, आणि आई-बाप दोघंही वाहक असले तर लेकराला धोका असतो. तिथल्या सिस्टरनं नवऱ्यालाही बोलावून घेतलं. तो बुटीबोरीचा मोठा माणूस, कुरकुरत आला, बोट टोचून घेऊन गेला. दोघांचंही निगेटिव्ह आलं. एवढ्या सगळ्याचं बिल शून्य. त्या दिवशी सगळ्यात मोठा खर्च झाला तो दवाखान्याबाहेरच्या समोशांवर, आणि आमची एसटी अर्ध्या तिकिटात.

मग बाळंतपण तिथेच का नाही केलं? विचारणारे विचारतीलच, माझ्या मावशीनं तर तोंडावर विचारलं. खरं उत्तर दोन भागांत आहे. एक, रात्री-बेरात्री भूल देणारे डॉक्टर हजर असतील का, ही धास्ती. दोन, आणि हे जरा लाजिरवाणं आहे, पगारातून विम्याचे पैसे कापले जातायत तर वापरून घेऊ. माझ्यासोबत तपासणीला येणाऱ्या एका बाईचं सरकारीतच सिझर झालं. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात (२०११ पासून आहे तो) सिझर, औषधं, रक्त, सात दिवसांचं जेवण सगळं फुकट. १०२ च्या गाडीनं तिला घरी आणून सोडलं. तिच्या घरच्यांचा खर्च काय, तर पेढे.

नवीन विम्याचं कॅशलेस, म्हणजे बिल कंपनीनं परस्पर दवाखान्याला भरायचं, ते सगळ्यात जवळ मिळत होतं वर्ध्याला, पन्नासेक किलोमीटरवर. पावसाळ्यात कळा घेऊन कोण जाईल? जानेवारी २०२४ पासून कंपनीच्या यादीबाहेरच्या दवाखान्यातही कॅशलेस मागता येतं. ठरलेल्या भरतीचं ४८ तास आधी कळवायचं, तातडीचं असेल तर भरती झाल्यावर ४८ तासांत. पण दवाखान्यालाही ते हवं असावं लागतं. तालुक्याच्या ज्या खाजगी दवाखान्यात मी नाव घातलं होतं तिथल्या काउंटरवरचा दादा म्हणाला, "ताई, आपल्याकडे नगदीच चालते. कंपनीच्या मागं कोण लागते?" म्हणजे आधी भरा, मग मागा. त्याला नोंदणी आणि खाटा तेवढ्या विचारून ठेवल्या. आपल्यासारख्या गावांत दवाखान्याची नोंदणी नसेल तर निदान दहा खाटा तरी बघतात, नाहीतर भरपाईच अडकते. बारा होत्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात रात्री दोनला कळा सुरू झाल्या. शेजारच्या काकांची बोलेरो, रस्त्यावर चिखल, मागच्या सीटवर आईचा जप. सकाळी पावणेनऊला पोरगी झाली, नॉर्मल. डॉक्टर चांगले, सिस्टर त्याहून चांगल्या, एकीनं रात्रभर पाठ चोळून दिली. यापुढचं सगळं आईला माझ्यापेक्षा जास्त रंगवून सांगता येतं, म्हणून ते तिच्याकडेच ठेवते.

आणि आता किट. पहाटे पाचला भावाच्या हातात चिठ्ठी दिली गेली, दवाखान्यातल्याच मेडिकलमधून त्यानं एक सीलबंद पिशवी आणली. बिलावर एकच ओळ: डिलिव्हरी किट १ नग, २,८५०. आत काय आहे ते ना त्यानं पाहिलं ना मी. मी जरा दुसऱ्या कामात होते.

पत्र आल्यावर मी विमा नियामकाची यादी शोधून काढली. विमा कंपनीनं द्यायलाच हव्यात असं बंधन नसलेल्या ६८ वस्तूंची ती यादी. रात्री पोरगी प्यायची तेव्हा मी ती पाठ केली असं म्हणायला हरकत नाही. डायपर आहे, सॅनिटरी पॅड आहे, बाळाचं खाणं आहे, हातमोजे आहेत, मास्क आहे, कॅरी बॅगसुद्धा आहे. आणि ५८ व्या नंबरवर आहे 'तपशील न दिलेलं कोणतंही किट', कंसात पहिलंच नाव डिलिव्हरी किट. इथे माझी ट्यूब पेटली. आक्षेप बाळंतपणाच्या सामानावर नव्हताच. आक्षेप होता आत काय होतं ते न सांगण्यावर.

आर्वीला तीन खेपा घातल्या. पहिल्या खेपेला, "ताई, असं कोणी मागत नाही." दुसऱ्या खेपेला मेडिकलवाला जेवायला गेलेला, दोन तास बसले, पोरगी आईजवळ रडत होती आणि इकडे माझा पदर ओला. तिसऱ्या खेपेला लेटरहेडवर, शिक्क्यासह अकरा वस्तूंची यादी मिळाली: निर्जंतुक चादरी, गाऊन, नाळेचा चिमटा, ब्लेड, बाळाच्या तोंडातला चिकट द्रव ओढायची नळी, बाळाला गुंडाळायचं कापड, हातमोजे, टोप्या, मास्क, पॅड आणि, हो, पिशवी. प्रत्येकाची किंमत वेगळी. यादी मेल केली. बाराव्या दिवशी १,७३० रुपये जमा झाले, काही न बोलता. हातमोजे-पॅड-मास्क-पिशवी धरून १,१२० राहिले.

म्हणून विमा कंपनीला दोनवरून साडेतीन. दवाखान्याच्या काउंटरला एक, तोही शिक्का सरळ मारला म्हणून.

गंमत अशी की सिझर झालं असतं तर किटचा प्रश्नच आला नसता. तिथे सिझरचं बिल साठ हजारांच्या पुढे जातं. किट वजा करूनही पन्नास हजारांची मर्यादा पूर्ण भरली असती आणि कंपनीनं पन्नास हजार दिले असते. नॉर्मल झाली, बिल कमी आलं, म्हणून किट माझ्या अंगावर आलं. हे नवऱ्याला समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुला सिझर पाहिजे होतं?" काही माणसांशी हिशोब बोलू नये.

बाबांना हे सगळं अजब वाटतं. सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलनं गावांतून ज्वारी घेऊन विमा चालवला होता, ते त्यांना आठवतं. पायली मोजून दिली की झालं. ज्वारीत कोणी कॅरी बॅग वजा केल्याचं काही त्यांच्या ऐकिवात नाही.

उरलेलं पटापट. पोरीचं नाव ग्रुप पॉलिसीत जन्मापासून चढलं, दाखला पाठवल्यावर चार दिवसांत. मातृवंदना योजनेचे पहिले ३,००० आले, दुसरे २,००० लसींचा पहिला टप्पा नोंदल्यावर येतात, आशाताई मागे लागल्यात. आता तिघांची एक वैयक्तिक पॉलिसीही पाहतोय, नोकरीवर अवलंबून राहायचं नाही म्हणून. २२ सप्टेंबर २०२५ पासून तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी गेलाय, तेवढाच दिलासा. ज्या पॉलिसीत बाळंतपणासाठी थांबायची मुदत कमी आहे तिचा हप्ता जास्त आहे, आणि दुसऱ्या लेकराचं नाव जरी काढलं तरी आई माझ्याकडे त्या आशाताईंसारखंच बघते.

१,१२० साठी विमा लोकपालाकडे जाणार नाही, असं मी ठरवलंय. तक्रारीला फी लागत नाही, हे मात्र मी वाचून ठेवलंय. नवरा म्हणतो, जाशीलच तू.