व्हीएचएफवरचे अक्षांश-रेखांश हाताने भरलेले निघाले

व्हीएचएफ रेडिओला जीपीएस जोडून देण्याच्या नावाखाली रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात आमच्या ट्रॉलरवर झालेली फसवणूक सविस्तर लिहितो आहे, कारण तसाच बनावट काळा डबा आणखी कोणाच्या केबिनमध्ये बसवलेला असू शकतो.

पावसाळी मासेमारी बंदीत आम्ही नवीन डीएससी व्हीएचएफ सेट, म्हणजे एका बटणावर संकटाचा डिजिटल इशारा पाठवणारा रेडिओ, घेतला. त्यात स्वतःचा जीपीएस नाही, म्हणून तो नकाशावर नौकेचं ठिकाण दाखवणाऱ्या आमच्या जुन्या जीपीएस प्लॉटरला जोडून हवा होता. संकटात लाल बटण दाबलं की ७० नंबरच्या चॅनेलवरून इशारा जातो. सेट जीपीएसला जोडलेला असेल तरच त्या इशाऱ्यात नौकेचं ताजं ठिकाण आपोआप जातं. जीव वाचतो तो त्या आकड्यांमुळे.

विक्रेता म्हणाला, मध्ये ‘इंटरफेस बॉक्स’ लागेल, त्याचे साडेआठ हजार वेगळे. काम त्याने लांबवत लांबवत नौका निघायच्या आदल्या संध्याकाळपर्यंत आणलं. धक्क्यावर सेट चालू करून दाखवला. डब्यावर हिरवा दिवा, आणि अक्षांश-रेखांश प्लॉटरशी तंतोतंत जुळणारे. धक्क्याला बांधलेली नौका हलत नाही, त्यामुळे आकडे बदलत नाहीत याचं कोणाला नवल वाटणार? त्याने ते हाताने भरले होते.

दुसऱ्या दिवशी समुद्रात तांडेलाच्या, म्हणजे नौका चालवणाऱ्याच्या, लक्षात आलं. प्लॉटर नौका जयगडच्या बाहेर दाखवतोय आणि व्हीएचएफ अजून मिरकरवाड्यातच. सेट मधूनमधून बीप करून ठिकाण भरायला सांगत होता. हाताने भरलेलं ठिकाण चार तासांनी जुनं झालं की असे सेट आठवण करून देतात, आणि साडेतेवीस तासांनी ते पुसून टाकतात. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे, “सॅटेलाइट वीक आहे, अँटेना बदला.” मग त्याच अँटेनावर प्लॉटर बरोबर कसा चालतो, यावर गप्प.

दुसऱ्या बंदरातल्या जाणकार वायरमनने डबा उघडला. आत फक्त दिवा पेटवण्यापुरतं वायरिंग. डेटाच्या वायरी टेप गुंडाळून मागे कोंबलेल्या. आमची दोन्ही यंत्रं एनएमईए ०१८३ वर, म्हणजे नौकेवरच्या यंत्रांनी एकमेकांना डेटा पाठवायच्या एकाच पद्धतीवर, ४८०० बॉडच्या एकाच वेगाने चालतात. प्लॉटरचं आउटपुट थेट व्हीएचएफच्या इनपुटला जोडलं आणि काम झालं. एक यंत्र एनएमईए २००० या वेगळ्या पद्धतीचं असतं तर मध्ये खरा कन्व्हर्टर लागला असता. इथे त्याची गरजच नव्हती. पैसे गेले त्याहून जास्त संताप याचा येतो, की त्या रात्री काही घडलं असतं तर तटरक्षक दलाला आमचं ठिकाण म्हणून धक्क्याचे आकडे गेले असते.

पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर प्लॉटर बंद करा. जोडणी खरी असेल तर सेट थोड्या वेळात जीपीएस मिळत नसल्याचं सांगतो. आकडे तसेच शांत बसून राहिले तर संशय घ्या. बऱ्याच सेटवर ठिकाणासोबत वेळही दिसते. ती पुढे सरकते का ते पाहा. नौका धक्क्यापासून जरा बाहेर काढली तरी अक्षांश-रेखांशातले मिनिटाच्या दशांशाचे आकडे पळायला हवेत, कारण अक्षांशाच्या एका मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर. लाल बटण मात्र तपासणीसाठी कधीही दाबू नका, तो इशारा खराच धरला जातो.

आम्ही डबा, टेप लावलेल्या वायरींचे फोटो आणि बिल जपून ठेवलं आहे आणि जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करतो आहोत. हिरव्या दिव्याचा, कंपनीचं नाव नसलेला असा डबा तुमच्याकडे असेल तर तो फेकू नका, बिलासकट आमच्याकडे घेऊन या.