वही, कीप, जेमिनी की नोटबुकएलएम? साठीनंतरच्यांनी फोनात काय घ्यावं

आमची आक्का ७४ वर्षांची, मी ६६, आणि गेल्या वर्षभरात आम्ही दोघींनी मिळून फोनातल्या पाच-सहा प्रकारच्या वह्या वापरून बघितल्या. झालं काय, आक्काच्या चष्म्याच्या डब्यात एक चिठ्ठी सापडली, "मंगळवार ११ वाजता, विसरू नकोस" एवढंच, आणि कुठला मंगळवार, कुठे जायचं, कुणाला भेटायचं ते तिलाही आठवेना. तेव्हा दोघी पोट धरून हसलो, पण त्या रात्री तिला झोप लागली नाही हे मला माहीत आहे. आता इथे गोव्यात, फोंड्यात, आमच्या वयाच्या बायका भेटल्या की विचारतात, ते एआयवालं नोट्सचं ऍप कुठलं घेऊ गो, आणि मी प्रत्येकीला उभ्या उभ्या अर्धा तास सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदाच लिहून टाकू.

एक गोष्ट आधीच सांगते. लिहून ठेवणं ही आपल्या पिढीची अडचण नाहीच मुळी, आपण कालनिर्णयावर लिहितो, बिलाच्या पाठीवर लिहितो, तळहातावर सुद्धा लिहितो. अडचण आहे ती नंतर सापडायची. त्यामुळे मी प्रत्येक ऍपला एकच परीक्षा लावली: तीन आठवड्यांनी, बसमध्ये उभी असताना, चष्मा पर्समध्ये, तर ती गोष्ट मला मिनिटभरात मिळते का? बाकी ते किती हुशार आहे याचं मला काय करायचंय.

आधी वहीच घेऊ. हसू नका, वहीला चार्जिंग लागत नाही आणि मोठ्या पावसात लाईट आणि नेट दोन्ही गेलं तरी ती उशाशी असते. पण वही वाजत नाही, आणि गॅसवाल्याचा नंबर मार्चच्या पानावर लिहिला की दुधाच्या हिशोबाखाली ते शोधायला अख्खी वही चाळावी लागते. परीक्षेत नापास, तरी घरातून काढू नका, का ते पुढे सांगते.

व्हॉट्सऍपवर स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय २०२२ पासून आहे, आपल्याच नावाची चॅट. शिकायला काहीच लागत नाही कारण व्हॉट्सऍप आपल्याला येतंच, सकाळची फुलं पाठवून पाठवून हात बसलेला आहे. पावतीचा फोटो टाका, बोलून ठेवा, काहीही. पण फोटोखाली दोन शब्द लिहिले नाहीत तर नंतर सर्चमध्ये तो फोटो मिळणार नाही, बोललेलं तर नाहीच नाही. आणि एक गोंधळ हमखास होतो, तो निळा गोल असतो ना मेटा एआयचा, भारतात जून २०२४ पासून आलेला, त्याला सांगणं आणि स्वतःच्या चॅटमध्ये लिहिणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. स्वतःची चॅट बाकी चॅटसारखीच कुलूपबंद, एआयला सांगितलेलं मात्र मेटाकडे, म्हणजे व्हॉट्सऍपच्या कंपनीकडे जातं. आमच्यातल्या एकीने पेन्शनच्या खात्याची सगळी माहिती त्या गोलाला सांगून ठेवली होती, का तर "तो उत्तर देतो, बरं वाटतं".

आता गूगल कीप. हे २०१३ पासूनचं, दिसायला फ्रीजवर चिकटवलेल्या रंगीत चिठ्ठ्यांसारखं, फुकट, आणि खरं सांगायचं तर यात एआय फारसं जाणवत नाही. तरी माझ्या परीक्षेत हेच पहिलं आलं. कारण तीन. एक, मराठीत बोलून लिहिता येतं, ते खरं तर कीपचं नाही, गूगलच्या कीबोर्डवरच्या माईकचं काम आहे, मराठी त्यात २०१७ पासून आहे, फक्त कीबोर्डची भाषा मराठी करून घ्या नाहीतर तो तुमचं मराठी इंग्रजी समजून काहीतरी भलतंच लिहील. दोन, यादी वाटून घेता येते. चवथीच्या आधी आमची माटोळीची (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतो ती) आणि बाजाराची यादी मी, आक्का आणि पुण्याचा भाचा अशी तिघांच्या फोनात होती, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात मी सुपारीचा घोस घेतला की टिक करायची, की तिकडे आक्काला दिसायचं, नाहीतर दरवर्षी दोघींकडून दोन घोस आणि तोरिंग (लिंबाच्याच जातीचं मोठं फळ) एकीकडूनही नाही. तीन, वेळ लावून ठेवली तर आठवण करून देतं, आणि ही आठवण आता गूगल टास्क्समध्ये, म्हणजे गूगलच्याच कामांच्या यादीत जाते म्हणून कॅलेंडरात पण दिसते.

बोलून लिहिण्याबद्दल थोडं जास्त सांगते, कारण आपल्या गोव्यातली खरी गंमत तिथे आहे. आम्ही घरात बोलतो कोंकणी, लिहितो मराठी, औषधांची नावं इंग्रजी आणि आकडे वाट्टेल त्या भाषेत. मशीनला बिचाऱ्याला एका वाक्यात तीन भाषा ऐकायला लागतात. एका ऍपला मी माटोळीची यादी सांगत होते तर "कांगलां"चं त्याने "कंगाल" केलं, आक्का म्हणाली बरोबरच लिहिलंय, चवथीच्या बाजारातून आपण तसेच तर परत येतो. कोंकणी गूगल ट्रान्सलेटमध्ये २०२२ ला आली पण म्हणून आपलं घरातलं बोलणं प्रत्येक ऍपला कळतं असं नाही. तेव्हा बोलताना जरा शाळेतल्या बाईंसमोर बोलतोय असं सरळ मराठी बोला, आणि अजून एक, हे मला सहा महिन्यांनी सुचलं: नंतर ज्या शब्दाने शोधणार तो शब्द सगळ्यात आधी बोला. "घरपट्टी, यंदाची भरली, पावती निळ्या फाईलीत." "दात, आक्का, पुढची तारीख अमुक." नोट कितीही वेडीवाकडी लिहिली गेली तरी पहिला शब्द बरोबर असला की ती सापडते.

जेमिनी म्हणजे गूगलचं बोलणारं एआय, त्याच्याशी मात्र खरंच गप्पा मारता येतात. त्याचं ते लाइव्ह बोलणं मराठीत येणार हे गूगलने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केलं, हिंदीबरोबर आठ भारतीय भाषा होत्या त्यात मराठी. याचा उपयोग कुठे, तर डोक्यात गुंता झालाय तेव्हा. आक्का एकदा सलग तीन मिनिटं बोलली, सोमवारी बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलात रक्त तपासायला उपाशीपोटी जायचंय, पण त्याच दिवशी सिलिंडर येणार, आणि हो बँकेत केवायसी राहिलंय, आणि नातीचा वाढदिवस, आणि नोव्हेंबर आला म्हणजे हयातीचा दाखला. मग म्हणाली याची तारखेप्रमाणे यादी कर, आणि झाली की हो सुरेख यादी, वर विचारलं सुद्धा की सिलिंडर घ्यायला घरी कोण असेल. हे वही करत नाही, कीप पण असं करत नाही. चॅटजीपीटी पण हेच काम करतं, मराठी त्यालाही येतं, तुमच्याबद्दलच्या काही गोष्टी तो लक्षातही ठेवतो, दोघांत निवडायचं तर घरातल्या मुलांना जे येतं ते घ्या म्हणजे अडलं की विचारायला माणूस आहे.

पण यांना कपाट समजू नका. हे बोलणारे आहेत, ठेवणारे नाहीत. असल्याच एका एआयला आम्ही आठवड्याने विचारलं की आक्काची दातांच्या डॉक्टरकडची तारीख कधीची, त्याने वारासकट छान तारीख सांगितली, आणि ती तारीख आम्ही त्याला कधी दिलीच नव्हती! इतक्या खात्रीने सांगितलं की आक्का साडी काढायला लागली. म्हणून आमचा नियम, गुंता सोडवायला एआय, पण यादी झाली की ती उचलून कीपमध्ये ठेवायची. जेमिनीला कॅलेंडर आणि कीप जोडता येतं, तुम्ही जोडलंत तरी सांगून झाल्यावर कॅलेंडर उघडून स्वतःच्या डोळ्यांनी बघा.

नोटबुकएलएमबद्दल मात्र मी जरा हळवी आहे. गूगलचंच, २०२३ मध्ये आलं, आणि हे बाकीच्यांपेक्षा वेगळं का तर तुम्ही जे कागद त्यात घालाल त्याच्यातूनच ते उत्तर देतं आणि उत्तराशेजारी बारीक आकडा असतो, त्या आकड्याला हात लावला की मूळ कागदातली ती ओळच समोर येते. म्हणजे विश्वास ठेवा म्हणत नाही, बघून घ्या म्हणतं. माझ्या नवऱ्याची मेडिक्लेमची पॉलिसी ४० पानांची, बारीक इंग्रजी, आठ वर्षं कपाटात. पीडीएफ करून घातली, मराठीत विचारलं की मोतीबिंदूला किती वर्षं थांबायला लागतं आणि खोलीच्या भाड्याला मर्यादा आहे का, दोन्हीची उत्तरं मराठीत, कुठल्या पानावर तेही. आठ वर्षं आम्ही एजंटला फोन करत होतो. पेन्शनचे आदेश, डिस्चार्जचे कागद, गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवेचं कार्ड, पाण्याच्या पंपाची गॅरंटी, मी विषयाप्रमाणे वेगळ्या वह्या केल्यात. फुकटात एका वहीत ५० कागद मावतात, आपल्याला भरपूर. एप्रिल २०२५ पासून ते कागदांवरची दोघांच्या गप्पांसारखी ऑडिओ मराठीतही करून देतं, डोळे दुखतात त्यांना बरं, मला स्वतःला ते दोघं जरा जास्तच उत्साही वाटतात, पॉलिसीच्या अटींवर एवढं काय खूश व्हायचं.

दोष? कागद आत घालायचं काम किचकट आहे, स्कॅन वाकडं आलं किंवा शिक्क्याखाली अक्षर गेलं तर ते वाचता येत नाही, आणि हे आठवण अजिबात करून देत नाही. सुरुवातीला मुलगा, सून, भाची कोणीतरी एक रविवार शेजारी बसायला हवं, चहा-भजी तुमच्याकडून. जुन्या पोर्तुगीज कागदांचं मी करून बघितलेलं नाही, तो वकिलांचा प्रांत.

नोशन वगैरे तरुणांचं आहे, आत गेलं की बाहेर यायचा रस्ता सापडत नाही, सोडून द्या. एव्हरनोट एकेकाळी सगळ्यांचं लाडकं, पण मालक बदलले आणि २०२३ च्या शेवटी फुकटवाल्यांना ५० नोटांची मर्यादा लागली, हजार नोटा जमवून बसलेल्यांचं काय झालं असेल विचार करा. आयफोनवाल्यांनी ऍपल नोट्सच वापराव्या, चांगल्या आहेत, फक्त त्यातलं रेकॉर्डिंगचं आपोआप लिहून देणं मराठीत होतं असं समजून आनंदू नका. आणि प्ले स्टोअरवर "एआय नोट्स" असं शोधू नका हो, तसल्याच नावांची ढीगभर ऍप येतात, तीन दिवस फुकट आणि मग दर आठवड्याला पैसे कापतात.

औषधांपुरतं मी कुणाचंच ऐकत नाही. डॉक्टरांच्या अक्षरातली चिठ्ठी एआयला वाचायला देऊन त्यावरून गोळी घ्यायची नाही, म्हणजे नाही. एका ऍपने बोलताना ४० चं १४ लिहिलं होतं, गोळीच्या ताकदीचा आकडा होता तो. त्यामुळे गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो, वेळा डॉक्टर किंवा फार्मसीवाल्याकडून खात्री करून वहीत मोठ्या अक्षरात (म्हणून वही ठेवा म्हटलं), आणि वाजायला फोनातला साधा अलार्म, जो सकाळी उठायला लावतो तोच. त्याला नेट लागत नाही. काही फोन बॅटरी वाचवायला ऍप झोपवून टाकतात आणि मग आठची आठवण सव्वानऊला येते, अलार्मचं सहसा तसं होत नाही.

आणि पिन, पासवर्ड, ओटीपी, आधारचा नंबर यातलं काहीही, कुठल्याही ऍपात नाही. जेमिनीशी झालेल्या काही बोलण्यावर माणसं नजर टाकतात आणि ती बोलणी ३ वर्षांपर्यंत ठेवली जातात हे गूगलनेच लिहून ठेवलंय, खोटं नाही सांगत. कुणी फोन करून "तुमचं नोट्सचं खातं बंद होतंय, कोड सांगा" म्हणालं तर फोन ठेवा, आणि पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० ला फोन लावा, ती सायबर फसवणुकीची हेल्पलाइन आहे.

तर तुम्ही कोण आहात बघा. फोन म्हणजे फक्त व्हॉट्सऍप असेल तर स्वतःची चॅट आणि अलार्म, बस, यावर्षी तेवढंच. यादी, तारखा, घरात दोघं-तिघं माणसं असतील तर कीप. कागदपत्रांचं कपाट उघडायची भीती वाटत असेल, किंवा घरात कुणाचं आजारपण चालू असेल तर कीपच्या जोडीला नोटबुकएलएम, हे मी हात धरून घ्यायला लावेन. डोक्यात एकाच वेळी दहा गोष्टी फिरत असतील आणि बोलायला आवडत असेल तर जेमिनी, पण कपाट वेगळं ठेवून. सगळी एका दिवशी घेऊ नका, आक्काने तसं केलं होतं आणि चार दिवस फोन पदराखाली झाकून ठेवला होता, "म्हाका कांय कळना" म्हणत.

एक राहिलं. गूगलचं खातं २ वर्षं कोणी उघडलंच नाही तर ते पुसू शकतात, त्यात कीप पण आलं आणि नोटबुकएलएम पण. सेटिंगमध्ये "इनऍक्टिव्ह अकाउंट मॅनेजर" म्हणून आहे, तिथे किती महिने शांतता झाली की कुणाला कळवायचं आणि काय काय द्यायचं ते ठरवता येतं, ३ महिन्यांपासून १८ महिन्यांपर्यंत, माणसं दहापर्यंत. आक्काचं करायला बसलो तेव्हा ती बराच वेळ गप्प होती, मला वाटलं तिला वाईट वाटलं. मग म्हणाली भाच्याचं नाव घाल, पण माटोळीची यादी त्याच्याबरोबर तुझ्या मुलीला पण जाऊ दे, त्या मुलाला तोरिंग कुठलं आणि लिंबू कुठलं ते कळत नाही.